हातांना काम देणाऱ्या कमलाबाई

सातारा किंवा सांगलीतले एखादे घर. चार वर्षांचे मूल अजून बोलत नाही, हाकेला वळून पाहत नाही. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी ती उलटी धरून तासन्‌तास तिचे चाक फिरवत बसते. आनंद झाला की दोन्ही हात फडफडवते. शाळेच्या रिक्षाने रोजची गल्ली सोडून दुसरी धरली की आकांत करते. आई-वडील बालरोगतज्ज्ञांकडे जातात, तपासण्या होतात, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम असे निदान होते आणि चिठ्ठीवर औषधाच्या जागी दोनच अक्षरे लिहिलेली असतात : ओटी. आपल्याकडे ओटी म्हटले की ऑपरेशन थिएटरच डोळ्यांसमोर येते. मुलाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करायची की काय, या विचाराने आजीच्या पोटात गोळा येतो.

ही ओटी वेगळी. ऑक्युपेशनल थेरपी, मराठीत व्यवसायोपचार. यातल्या व्यवसायाचा नोकरीधंद्याशी संबंध नाही. माणूस दिवसभरात जे जे अर्थपूर्ण काम करतो ते सगळे यात येते : जेवणे, कपडे घालणे, खेळणे, लिहिणे, स्वयंपाक करणे. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे खेळ. आजार किंवा अपंगत्वामुळे अशी कामे जमत नसतील, तर कामातूनच ती जमवून आणायची, हे या शास्त्राचे सूत्र आहे.

हे शास्त्र भारतात रुजवणाऱ्या बाईंचे नाव सातारा जिल्ह्यात अनेकांच्या तोंडी असते, पण वेगळ्या कारणाने. फलटणला कमला निंबकर बालभवन नावाची प्रसिद्ध मराठी शाळा आहे. ज्यांच्या नावाने ती चालते त्या कमलाबाई जन्माने अमेरिकन होत्या आणि त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

क्वेकरांचा वारसा

एलिझाबेथचा जन्म १९०० साली अमेरिकेत एका क्वेकर कुटुंबात झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला छोटा पंथ. साधी राहणी, युद्धाला विरोध आणि प्रत्येक माणसात ईश्वरी अंश आहे ही श्रद्धा, ही त्याची ओळख. वैद्यकाच्या इतिहासात या पंथाला खास जागा आहे. अठराव्या शतकात मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवले जाई. त्या काळात इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात विल्यम ट्यूक या क्वेकर व्यापाऱ्याने १७९६ साली एक आश्रमवजा रुग्णालय सुरू केले. तिथे साखळ्या नव्हत्या. बागकाम, शिवणकाम, चहापान आणि नियमित दिनक्रम हाच उपचार होता. पुढे अमेरिकेतल्या क्वेकरांनी फिलाडेल्फियाजवळ त्याच धर्तीचे रुग्णालय उभे केले.

या मुळातूनच शंभरेक वर्षांनी ऑक्युपेशनल थेरपी आकाराला आली. १९१७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी मोजकी माणसे जमली आणि त्यांनी या विषयाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. त्यांच्यात एलेनॉर क्लार्क स्लॅगल ही महत्त्वाची व्यक्ती होती. वर्षानुवर्षे वॉर्डात पडून राहिलेल्या, एका जागी झुलत बसणाऱ्या, स्वतःची कसलीच कामे न करणाऱ्या रुग्णांसाठी स्लॅगलबाईंनी सवयींचे प्रशिक्षण ही पद्धत बसवली. उठण्यापासून झोपण्यापर्यंत दिवसाची आखणी करायची, त्यात काम, विश्रांती आणि खेळ यांचा मेळ घालायचा आणि रिकाम्या सवयींच्या जागी हळूहळू उपयोगी सवयी रुजवायच्या. सवय नुसती मोडून काढता येत नाही, तिच्या जागी दुसरे काही द्यावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

स्लॅगलबाई काही काळ बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अॅडॉल्फ मायर या मानसोपचारतज्ज्ञांच्या हाताखाली काम करत होत्या. याच मायर यांनी पुढे लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरला आपल्या रुग्णालयात आणले. त्या कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेची जगाला ओळख करून दिली. म्हणजे व्यवसायोपचाराचे एक मूळ आणि स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन, दोन्ही एकाच रुग्णालयाच्या छताखाली सापडतात. त्या वेळी मात्र दोन्हींची गाठ पडली नाही. ती पडायला आणखी बराच काळ जायचा होता.

अमेरिकन सून

एलिझाबेथची ओळख विष्णू निंबकर या अमेरिकेत गेलेल्या मराठी तरुणाशी झाली आणि १९३० मध्ये ती भारतात आली. तो मिठाच्या सत्याग्रहाचा काळ. परदेशी कापडाच्या होळ्या पेटत होत्या आणि इंग्रजी बोलणाऱ्या गोऱ्या माणसाकडे संशयाने पाहिले जात होते. अशा वेळी ही अमेरिकन मुलगी निंबकरांची सून झाली आणि एलिझाबेथची कमला झाली. १९३१ साली मुलगा झाला, बनबिहारी. हेच पुढे फलटणचे शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले.

भारतातली पहिली काही वर्षे संसारात गेली. याच काळात वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने नई तालीमची मांडणी झाली. मुलाने हाताने काम करत शिकावे, सूत कातताना गणित शिकावे, ही तिची कल्पना. हाताच्या कामाने माणूस घडतो हा विचार देशात चर्चेत होता. पण हाताच्या कामाने माणूस बराही होतो, ही गोष्ट आपल्या रुग्णालयांच्या वेळापत्रकात कुठेच नव्हती.

तेव्हाची परिस्थिती आजच्या पिढीला समजावून सांगावी लागेल. कृष्णाकाठी मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले होते आणि शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे लोक तिथे येत. देशात इतरत्रही चांगले सर्जन होते. पण जीव वाचल्यावर पुढे काय, याचे उत्तर बहुतेक ठिकाणी नव्हते. पोलिओने पाय गेलेले मूल, गिरणीत हात सापडलेला कामगार, अर्धांगवायू झालेली बाई यांना घरी पाठवले जाई. घरी गेल्यावर ती माणसे कोपऱ्यात बसून राहत. घरचे त्यांना भरवत, आंघोळ घालत आणि दैवाला बोल लावत.

कमलाबाईंनी चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा विद्यार्थिनी व्हायचे ठरवले. १९४० च्या दशकात त्या अमेरिकेत परतल्या आणि फिलाडेल्फियाच्या ऑक्युपेशनल थेरपी विद्यालयात त्यांनी प्रशिक्षण घेतले. १९१८ साली सुरू झालेले हे विद्यालय त्या देशातल्या जुन्या विद्यालयांपैकी एक होते. दुसऱ्या महायुद्धाने या विषयाला तिथे मोठे महत्त्व आले होते. हजारो जखमी सैनिक विणकाम, सुतारकाम, टोपल्या विणणे अशा कामांतून बोटांची ताकद आणि जगण्याची उमेद परत मिळवत होते. संसार मागे ठेवून, निम्म्या वयाच्या मुलींबरोबर बाकावर बसून शरीररचना आणि मानसशास्त्र शिकणे त्या काळात सोपे नव्हते. शिकून झाल्यावर तिथेच नोकरी मिळू शकली असती. त्या परत आल्या.

परळचा वर्ग

१९५० मध्ये मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयात कमलाबाईंनी ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले. भारतातले हे पहिले. स्वतंत्र होऊन तीनच वर्षे झालेल्या देशात हा विषय काय आहे हे डॉक्टरांनाच समजावून सांगायचे होते. रुग्णालयात दोरे, लाकडाचे ठोकळे, माग आणि माती कशाला हवी, हा प्रश्न ओघाने येणारच. बाहेरून पाहणाऱ्याला ते काम हस्तकलेच्या वर्गासारखे दिसे. आत पाहणाऱ्याला दिसे की मागाचा फळा एका ठरावीक उंचीवर बांधला आहे, कारण तिथपर्यंत हात नेताना त्या रुग्णाचा खांदा हवा तेवढा वर उचलला जातो.

व्यवसायोपचाराचे मर्म इथे आहे. खांदा वर करा असे दिवसातून शंभर वेळा सांगितले तर रुग्ण कंटाळतो. सुंदर पट्टी विणायची असेल तर तोच खांदा शंभर वेळा वर जातो आणि मोजायचे भानही राहत नाही. म्हणून थेरपिस्टला शरीररचनेइतकेच त्या माणसाचे आयुष्य माहीत असावे लागते. शेतकऱ्याला काय करायला आवडते, गृहिणीला कुठले काम परत जमायला हवे, मुलाला कशात रस आहे, हे विचारल्याशिवाय उपचार सुरूच होत नाही.

एका विद्यालयाने देशाची गरज भागणार नव्हती. १९५२ मध्ये अखिल भारतीय ऑक्युपेशनल थेरपिस्ट संघटना स्थापन झाली आणि कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी या विषयाची जागतिक संघटना उभी राहिली. तिच्या दहा संस्थापक सदस्यांत अमेरिका, कॅनडा, स्वीडन यांच्या पंक्तीला भारताचे नाव होते. १९५८ साली नागपूरलाही असे विद्यालय सुरू झाले. कमलाबाईंनी आशियातल्या पुनर्वसनाच्या कामासाठी एक नियतकालिकही संपादित केले आणि अपंगांच्या पुनर्वसनाचा भारतातला इतिहास पुस्तकरूपाने लिहून काढला. त्यांच्या विद्यार्थिनी देशभर पसरल्या. आज सातारा-सांगलीकडच्या मुलाला जो थेरपिस्ट हात धरून झोक्यावर बसवतो, त्याची विद्येची परंपरा मागे मागे नेली तर परळच्या त्या वर्गापर्यंत जाऊन पोहोचते.

हात फडफडतात ते का?

कमलाबाई शिकत आणि शिकवत होत्या त्या काळात भारतातल्या रुग्णालयांत स्वमग्नता हा शब्द क्वचितच उच्चारला जाई. अशा मुलांना मतिमंद किंवा वेडे ठरवून टाकले जाई. पाश्चात्त्य देशांत शब्द होता, पण समज फारशी नव्हती. आईच्या मायेत ओलावा नसल्याने मूल असे होते, असा सिद्धान्त १९५० आणि १९६० च्या दशकांत तिथे बोकाळला होता आणि असंख्य आया विनाकारण अपराधी ठरल्या. तो सिद्धान्त पुढे पूर्णपणे खोटा ठरला. स्वमग्नता हा मेंदूच्या जडणघडणीतला जन्मजात फरक आहे. त्यात आईचा दोष नाही.

या फरकाची एक खूण म्हणजे पुनरावृत्तीचे वर्तन. त्याचे ढोबळ दोन प्रकार. पहिला शरीराच्या हालचालींचा : हात फडफडवणे, झुलणे, गोल गोल फिरणे, वस्तू रांगेत लावणे. दुसरा सारखेपणाच्या आग्रहाचा : तोच रस्ता, तीच ताटली, तेच प्रश्न, एकाच विषयाचा ध्यास. २०१३ साली निदानाचे निकष सुधारले गेले तेव्हा आवाज, स्पर्श, प्रकाश यांचा अतिशय त्रास होणे किंवा त्यांचे भानच नसणे हेही याच गटात घेतले गेले. कारण दोन्ही गोष्टी अनेकदा एकमेकींत गुंतलेल्या असतात. मिक्सरचा आवाज असह्य झालेले मूल कान झाकून झुलू लागते, ते स्वतःला शांत करण्यासाठी.

हे वर्तन थांबवण्याच्या उपचारांचा इतिहास मात्र सुखाचा नाही. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये इव्हार लोव्हास या मानसशास्त्रज्ञाने अशा मुलांना बक्षीस आणि शिक्षा यांच्या आधारे शिकवायला सुरुवात केली. शिक्षेत ओरडणे, चापट मारणे, काही वेळा विजेचा सौम्य धक्काही होता. त्यांची मुले काही गोष्टी शिकली, हे खरे. आठवड्याला सुमारे ४० तास शिकवलेल्या १९ मुलांवरचा त्यांचा १९८७ चा अभ्यास गाजलाही. पण मूल हात का हलवते हा प्रश्न त्या शिक्षेने विचारलाच नव्हता.

तो प्रश्न शास्त्रीय रीतीने विचारला गेला १९८२ साली, पुन्हा बाल्टिमोरमध्ये. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या ९ मुलांना वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून निरीक्षण केले. कुणी एकटे असताना डोके आपटत होते, कुणी अवघड काम समोर आले की, कुणी मोठ्यांचे लक्ष हवे असताना. बाहेरून सारखी दिसणारी कृती, पण कारण प्रत्येकाचे निराळे. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी पुढचे पाऊल टाकले. अवघड काम आल्यावर चिडणाऱ्या मुलाला मदत मागायला शिकवले, तेव्हा त्याचे चिडणे कमी झाले. जे तो अंगाने सांगत होता, ते सांगायला त्याला दुसरी भाषा मिळाली होती.

याच सुमारास व्यवसायोपचाराच्या बाजूनेही एक वाट निघाली. कॅलिफोर्नियातल्या जीन एअर्स या स्वतः ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. कान, त्वचा, स्नायू, तोल सांभाळणारी यंत्रणा यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदूत नीट जुळणी झाली नाही, तर मुलाच्या वागण्यावर परिणाम होतो, असे त्यांनी १९७२ च्या पुस्तकात मांडले. झोके, उड्या, वजन ढकलणे, वाळू आणि धान्यात हात घालणे हे खेळ थेरपीच्या खोलीत आले ते प्रामुख्याने त्यांच्यामुळे.

आज काय उपयोगी पडते

या साऱ्या वाटा आज जिथे येऊन मिळतात, तिथे पहिला नियम असा की प्रत्येक पुनरावृत्ती थांबवायची नसते. आनंदाने हात फडफडवणाऱ्या मुलाचे हात धरून ठेवल्याने काहीच साधत नाही. मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी सांगितले आहे की या हालचाली त्यांना सावरतात आणि त्या दाबून धरताना प्रचंड शीण येतो. वर्तनामुळे इजा होत असेल, शिकणे, झोप किंवा जेवण अडत असेल, तरच ते बदलायला घ्यावे.

दुसरा नियम, आधी कारण शोधावे. अचानक डोके आपटू लागलेल्या मुलाचा कान दुखत असेल, दात किडला असेल, पोट साफ होत नसेल. बोलता न येणारे मूल वेदना अशीच सांगते. म्हणून पहिली भेट डॉक्टरांची. त्यानंतर हे वर्तन कधी, कुठे, कशाच्या आधी आणि कशानंतर होते, याची आठवडाभर वहीत नोंद ठेवली तर थेरपिस्टचे अर्धे काम सोपे होते.

तिसरा नियम स्लॅगलबाईंचा आणि कमलाबाईंच्या परंपरेचा : काढून घेण्याआधी द्यावे. सतत गोल फिरणाऱ्या मुलाला दिवसातून ठरावीक वेळा झोपाळा, पळणे, उड्या. दमवणाऱ्या व्यायामानंतर काही वेळ अशा हालचाली कमी होतात, असे अनेक छोट्या अभ्यासांत दिसले आहे. हात सतत चाळवणाऱ्या मुलाला कणीक मळणे, वाटाणे सोलणे, भाजीची पिशवी उचलून आणणे, बादलीने झाडांना पाणी घालणे. यासाठी महागडे साहित्य लागत नाही. वस्तू रांगेत लावणाऱ्या मुलाला ताट-वाट्या मांडायला दिल्या तर तीच आवड घरच्या कामात येते. सारखेपणाचा हट्ट धरणाऱ्या मुलाला दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर दाखवावा आणि बदल होणार असेल तर चित्र आधी बदलावे. नको, थांब, पाणी, मदत यांसाठी खूण किंवा चित्रकार्ड शिकवावे. वाचा येण्याची वाट पाहत बसू नये.

औषधांकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेत १४९ मुलांवर सिटॅलोप्राम या औषधाची चाचणी झाली. २००९ साली तिचे निष्कर्ष आले : पुनरावृत्तीच्या वर्तनावर ते साध्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि दुष्परिणाम जास्त झाले. तीव्र चिडचिड किंवा आक्रमकपणा असेल तेव्हा तज्ज्ञ रिस्पेरिडोनसारखे औषध देतात, पण त्याने वजन वाढते आणि त्यावर देखरेख लागते. स्टेम सेलचे इंजेक्शन देऊन स्वमग्नता बरी करण्याच्या जाहिरातींपासून तर लांबच राहावे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच या उपचाराची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे.

व्यवसायोपचाराच्या बाबतीतही प्रामाणिक राहायला हवे. एअर्स यांच्या संवेदन-पद्धतीची ब्रिटनमध्ये १३८ मुलांवर चाचणी झाली आणि २०२२ मध्ये निकाल आला. चिडचिड आणि अस्वस्थता कमी होण्यात नेहमीच्या सेवेपेक्षा फरक पडला नाही. मात्र पालकांनी स्वतः ठरवलेल्या रोजच्या कामांत, जसे कपडे घालणे किंवा जेवायला बसणे, मुलांची प्रगती झाल्याचे पालकांना जाणवले. यातून घ्यायचा धडा सरळ आहे. थेरपीच्या खोलीतला रंगीत झोका पाहून भुलू नये. तीन महिन्यांत आमच्या मुलाला कोणते एक काम जमायला हवे, हे थेरपिस्टबरोबर बसून ठरवावे, लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांनी तपासावे. घरी काय करायचे हे न शिकवता नुसते पैसे घेणारी थेरपी अपुरी आहे. थेरपिस्टची नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. महाराष्ट्रात यासाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे, तर २०२१ पासून देशपातळीवरचाही कायदा झाला आहे.

खर्च झेपत नसेल तर सरकारी वाट आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि शाळांतून मुलांची तपासणी होते आणि गरज असलेल्यांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखही नव्हता. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि शाळेतल्या सवलतींवर या मुलांचा हक्क आहे.

फलटणची पाटी

कमलाबाई १९७९ साली वारल्या. पुनर्वसनाच्या इतिहासावरचे त्यांचे पुस्तक त्यांच्या पश्चात, १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत स्वमग्नतेला प्रथमच स्वतंत्र जागा मिळाली. ज्या मुलांसाठी त्यांचे शास्त्र पुढे सर्वांत जास्त वापरले जाणार होते, त्या मुलांना नाव मिळाले तेव्हा त्या नव्हत्या.

त्यांचा मुलगा बनबिहारी यांनी फलटणला शेती आणि संशोधनाचे काम उभे केले. १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. सून जाई निंबकर या इरावती कर्वे यांच्या कन्या आणि लेखिका. अशा घरामुळे कमलाबाईंचे नाव माणदेशाच्या उंबऱ्यावरच्या या गावाशी जोडले गेले. १९६० च्या दशकात मराठी भाषेच्या अभ्यासासाठी मॅक्सीन बर्नसन ही आणखी एक अमेरिकन तरुणी फलटणला आली आणि इथलीच झाली. तिने भारताचे नागरिकत्व घेतले, प्रगत शिक्षण संस्था उभी केली आणि १९८६ मध्ये शाळा सुरू केली. शाळेला नाव दिले कमला निंबकर यांचे. ही विशेष मुलांची शाळा नाही. वाड्यातली आणि वस्तीवरची मुले एका वर्गात बसून मराठीत शिकतात, ही तिची ख्याती.

आपल्या भागातल्या बहुतेक शाळा स्वमग्न मुलाला आजही दारातूनच परत पाठवतात. मूल एका जागी बसत नाही, हात हलवते, इतर मुले बिघडतील, अशी कारणे देतात. कायदा तसे करू देत नाही, पण कायदा घेऊन रोज शाळेत कोण जाणार? अशा आई-बापाच्या बाजूने उभा राहू शकेल असा एक माणूस म्हणजे थेरपिस्ट. मुलाला वर्गात पुढच्या बाकावर बसवा, तासाच्या मध्ये त्याला फळा पुसायला उठवा, घंटेच्या आवाजाआधी सांगा, एवढ्या साध्या सूचना लेखी दिल्या तरी पुष्कळ शिक्षक मनापासून प्रयत्न करतात. चिठ्ठीवरच्या त्या दोन अक्षरांनी घाबरून जाण्याऐवजी पालकांनी थेरपिस्टला पहिल्याच भेटीत विचारावे, की आमच्या मुलाच्या हातांना कोणते काम द्यायचे आणि ते शाळेत कोण, कसे देईल. परळच्या वर्गात १९५० साली उपचाराची सुरुवात याच प्रश्नापासून होत होती.